आजीमायचं वय किती होतं?

 

आज मी माझ्या आजेसासूबद्दल बोलणार आहे. आम्ही तिला आजीमाय म्हणायचो. ती गेली २०२० च्या आखाजीच्या चार दिवस आधी. लॉकडाऊन होता. माहेरवाशिणी आल्या नव्हत्या, लिंबाला झोका बांधला नव्हता, आखाजीची गाणी कुठून ऐकू येत नव्हती. शंभर माणसांच्या भाऊबंदकीतली बाई, पण पोचवायला मोजकी माणसं गेली. पुढे मृत्यूची नोंद करायची वेळ आली. अर्जावर एक रकाना होता, वय. घरातल्या कोणालाच ते सांगता येईना. मतदार कार्डाच्या हिशोबानं ८५ होत होतं. माझे मालक म्हणाले, "नव्वदीच्या पुढची असेल." चुलत सासरे म्हणाले, "अरे, ती तर शंभराची!" शेवटी कार्डावरचं लागलं, ८५.

ते ८५ चुकीचं होतं, आणि ती चूक माझी होती. ती कशी झाली आणि पुढे आजीमायचं खरं वय मी कसं शोधलं, ते आज सांगते.

मी १९९४ साली लग्न होऊन या घरात आले. त्या सुमारास फोटोचं मतदार कार्ड निघायला लागलं होतं. नावं लिहून घ्यायला एक गुरुजी दारात आले. आजीमाय ओट्यावर कापसाच्या वाती वळत बसली होती. गुरुजींनी विचारलं, "आजी, वय किती?" आजीमाय म्हणाली, "मी मानमोडीना सालनी शे, भाऊ." गुरुजी तरुण होते, त्यांना काही उमगलं नाही. मलाही नाही. मी नवी सून, बारावी झालेली, हुशार समजायची स्वतःला. मला वाटलं, म्हातारी काहीतरी बडबडते. मी हसत म्हटलं, "साठ लिहा गुरुजी." त्यांनी लिहिलं. १ जानेवारी १९९५ रोजी वय ६०.

१५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारची वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाली. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या निराधार माणसांना महिना ७५ रुपये. आमचं दोन एकर कोरडवाहू तोवर कर्जापायी गेलं होतं, सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि मालक दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. आम्ही १९९६ साली अर्ज केला. कार्डावर वय कमी म्हणून परत आला. कार्डाप्रमाणे ती ६५ ची झाली २००० साली, तेव्हा पेन्शन लागली. मधली चार वर्षं, महिना ७५ प्रमाणे ३,६०० रुपये. आज ऐकायला थोडे वाटतात. तेव्हा आजीमायच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटलीसुद्धा आम्ही महिनाआड आणायचो. ती कधी एका शब्दानं बोलली नाही. तिला ठाऊकच नव्हतं की माझ्या एका शब्दानं तिचे पैसे अडले.

लॉकडाऊनमध्ये घरात बसून होते, तेव्हा ती "मानमोडीना सालनी" हे शब्द डोक्यातून जाईनात. मग मी एक वही घेतली. आजीमाय आयुष्यभर जे जे बोलली होती, ते आठवेल तसं लिहायला बसले. जावांना, नणंदांना फोन केले. तिला एकही तारीख येत नव्हती, पण तिच्या प्रत्येक गोष्टीला एक खुंटी होती. अमुक झालं तेव्हा तमुक. त्या एकेका खुंटीला मी साल लावत गेले.

पहिली खुंटी, मानमोडी. मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं, आणि ती साथ मुंबईच्या बंदरातून आत शिरून आगगाडीच्या वाटेनं गावोगाव पोचली. सगळ्यात वाईट लाट आली दसरा-दिवाळीच्या दिवसांत. त्याच वर्षी पावसानंही दगा दिला होता, घराघरात धान्याची टंचाई होती. आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसं त्या साथीत गेली. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. असं आजवर एकदाच झालं आहे. आणि आपल्याकडे त्या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. का, ते तुम्हाला सांगायला नको. घरात सगळे आजारी असले की पाणी कोण देतं, उशाशी कोण बसतं?

आजीमाय सांगायची, "माझा बाप मानमोडीत गेला. मी पाळण्यात होते, बसता येत नव्हतं." आणि तिचा जन्म कधीचा? तर तिची माय आखाजीला माहेरी आली होती आणि तिथंच बाळंत झाली. आता हिशोब करा. १९१८ ची आखाजी मे महिन्यात. दिवाळीच्या सुमारास पोर पाच-सहा महिन्यांचं. बसता न येणारं. म्हणजे जुळलं. आजीमाय १९१८ च्या आखाजीची.

पण एका खुंटीवर भरवसा ठेवू नये. म्हणून दुसरी शोधली. आपली पीजे.

पाचोरा-जामनेर छोटी गाडी कोणाला माहीत नाही? अडीच फूट रुंदीच्या रुळांवर ५६ किलोमीटर, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जाणारी. इंग्रजांच्या काळात या पट्ट्यातला कापूस मोठ्या लाइनीवर आणायला ती घातली आणि १९१८-१९ च्या सुमारास ती धावू लागली. आजीमायचं माहेर त्याच लाइनीवरचं. ती म्हणायची, "पीजे मनी धाकली बहीण शे." लहानपणी मायचं बोट धरून ती गाडी बघायला गेली, आणि कोळशाच्या इंजिनाची शिट्टी ऐकून भोकाड पसरलं, हे तिच्या मायनं तिला सांगितलेलं. ही बहीणही तिच्याबरोबरच थांबली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे गाड्या बंद झाल्या, त्यानंतर पीजे त्या छोट्या रुळांवर पुन्हा धावली नाही. एका साथीच्या सुमारास दोघी आल्या आणि दुसऱ्या साथीत दोघी थांबल्या.

तिसरी खुंटी तिच्या लग्नाची. आजीमाय सांगायची, "कायद्याच्या भ्यावानं माझं लगीन लावलं. एकाच मांडवात आम्ही तिघी बहिणी. धाकलीला तर बाशिंग पेलवत नव्हतं." हा कायदा कोणता? शारदा कायदा. १९२९ साली मंजूर झाला. मुलीचं वय १४ आणि मुलाचं १८ झाल्याशिवाय लग्न करायचं नाही. अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधले सहा महिने लोकांना मोकळे मिळाले, आणि त्या सहा महिन्यांत देशभर लहान लहान पोरींची लग्नं उरकून टाकायची धांदल उडाली. पुढे १९३१ च्या जनगणनेत लहानग्या विवाहित मुलींचा आकडा वाढलेला दिसला. जो कायदा पोरींना वाचवायला आला, त्याच्याच भीतीनं हजारो पोरी बोहल्यावर चढल्या. आमची आजीमाय त्यांतली एक. तेव्हा ती बारा वर्षांचीही पूर्ण नव्हती.

चौथी खुंटी फैजपूरची. १९३६ च्या डिसेंबरात २७ आणि २८ तारखेला काँग्रेसचं अधिवेशन आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरलं. तोवर अशी अधिवेशनं मोठ्या शहरांत व्हायची, खेड्यात भरलेलं हे पहिलं. बांबू आणि चटयांचं अख्खं नगर उभं केलं होतं, टिळकनगर. पंडित नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते, साने गुरुजी तयारीसाठी राबले होते. आमचे आजेसासरे गावातल्या चार जणांबरोबर गेले. आजीमायला कोण नेणार? तिनं दोन दिवस पुरतील अशा दशम्या बांधून दिल्या. "माझा मोठा पोरगा तेव्हा कडेवर होता," ती सांगायची. तो मोठा पोरगा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल आहे १९३६. ही खुंटी पक्की बसली.

पाचवी खुंटी आहे पहिल्या मतदानाची, १९५२ सालची. त्यासाठी नावं लिहायला माणसं घरोघर फिरली तेव्हा मोठी अडचण आली. बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. निवडणूक आयोगानं ठरवलं, स्वतःचं नाव नसेल तर यादीत घ्यायचं नाही. देशात त्या वेळी सुमारे आठ कोटी बायका मतदार होत्या. त्यांतल्या जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. हे जास्त करून उत्तरेकडच्या राज्यांत झालं. आपल्याकडे काय झालं? आजीमाय सांगायची, "लिहिणारा आला. सासऱ्यांनी माझं नाव सांगितलं. बावीस वर्षं या घरात होते, मामंजींच्या तोंडून माझं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं." तोवर ती 'मोठ्या पोराची माय' होती.

सहावी खुंटी जरा फसवी निघाली, म्हणून ती नीट ऐका. आजेसासरे कधी वारले? आजीमाय म्हणायची, "पाकिस्तानच्या लढाईच्या साली." पण लढाया दोन, १९६५ ची आणि १९७१ ची. यातली कोणती? माझ्या मोठ्या नणंदेला आजीमायचं एक वाक्य आठवलं, "तेव्हा शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं. तुझ्या आजोबांनी शेवटपर्यंत पाळलं." अन्नटंचाईमुळे लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायची हाक दिली ती १९६५ साली. म्हणजे लढाई पहिली. एका खुंटीला दुसरीचा टेकू द्यायचा, तो असा.

बाकीच्या खुंट्या भराभर सांगते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९०६ पासून आपला भाग पूर्व खानदेश होता, तो जळगाव जिल्हा झाला. आजीमायच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत पूर्व खानदेशच. १९६९ साली गिरणा धरण झालं. पाणी खालच्या शेतांना मिळालं, आमच्या वरच्या रानाला नाही. मग १९७२ चा दुष्काळ. तिनं चौपन्नाव्या वर्षी खडी फोडली. लाल मिलोची भाकरी खाल्ली, सुकडी पोरांना वाटून दिली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यांत बायका घोळक्यानं होत्या. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. आजीमाय म्हणायची, "हजेरीच्या कागदावर माझं नाव पुकारायचे. मी 'हाव' म्हणून पुढे जायची आणि अंगठा द्यायची." स्वतःच्या नावानं हाक आणि स्वतःच्या हातात पैसे, हे तिला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मिळालं. दुष्काळाची आठवण सांगताना तिचा आवाज दुःखी नसायचा, याचं मला नेहमी नवल वाटायचं. आता वाटत नाही.

आणि २००७ साली आपल्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा शेजारच्या टीव्हीपुढे आजीमाय डोक्यावरचा पदर सारखा करून बसली होती.

मैत्रिणींनो, एवढं सगळं वहीत उतरवलं. माझ्या हिशोबानं आजीमाय १९१८ ची. म्हणजे गेली तेव्हा १०२ ला टेकलेली. पण मन म्हणे, हा तुझा अंदाज. कागद कुठं आहे?

कागद घरातच होता. आजेसासरे वारल्यावर शेताला वारस लागले होते, त्या फेरफाराची नक्कल. सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या पावत्यांच्या खाली. वारसांची नावं, नातं आणि वय. १९६६ सालची नोंद. पहिलं नाव आजीमायचं, विधवा पत्नी, वय ४८. सहासष्टमधून अठ्ठेचाळीस वजा करा. १९१८.

मी ती पेटी मांडीवर घेऊन रडले. १९९५ साली ती पेटी त्याच खोलीत, त्याच फडताळावर होती. आजीमाय खरं वय सांगत होती. तिनं साल सांगितलं होतं, फक्त तिच्या भाषेत. ऐकणारी मी कमी पडले.

मोठ्या माणसांच्या आयुष्याची तारीखवार नोंद असते. महर्षी धोंडो केशव कर्वे जन्मले १८ एप्रिल १८५८ ला, कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य आलं त्या वर्षी. गेले ९ नोव्हेंबर १९६२ ला, चीनची लढाई चालू असताना. १०४ वर्षं. त्यांनी विधवांसाठी आश्रम कधी काढला, महिला विद्यापीठ कधी काढलं, सगळं पुस्तकात मिळतं. आपल्या आजीचं मिळत नाही, कारण ते लिहिणं आपलं काम आहे.

आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंचंच बघा. जन्म १८८० च्या नागपंचमीचा. तिथी सण म्हणून घरात लक्षात राहिली. तेराव्या वर्षी लग्न, ऐन तिशीत वैधव्य, घरात प्लेगचा तडाखा. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात त्या जे बोलल्या, ते मुलानं, सोपानदेवांनी, आणि मावसभावानं कागदावर उतरवून ठेवलं. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या, आणि १९५२ साली पुस्तक निघालं. तो कागद नसता तर आज आपल्याला त्यांचं नावही माहीत नसतं. आपल्या आज्या सगळ्याच काही कविता करत नसतील. पण त्यांनी जे पाहिलं, ते त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

आता आपल्या गटानं काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

आम्ही गावातल्या सत्तरीच्या पुढच्या बायकांची यादी केली आणि दोघी-दोघी जाऊन बसलो. "वय किती" हा प्रश्न विचारायचाच नाही असं ठरवलं. विचारलं की साठ, पासष्ट, सत्तर असे गोल आकडे येतात. आम्ही विचारलं, ७२ च्या दुष्काळात खडीवर गेला होता का? तेव्हा कडेवर कोण होतं? महाराष्ट्र झाला तेव्हा शाळेत होता की लग्न झालं होतं? पहिलं मूल आणीबाणीच्या आधीचं की नंतरचं? इंदिरा गांधी गेल्या तेव्हा सून घरात आली होती का? जनगणनेवाल्यांनाही हीच रीत शिकवतात. ज्यांना जन्मसाल ठाऊक नाही, त्यांचं वय गाजलेल्या घटनांवरून ठरवायचं. २०२१ ची जनगणना पुढे गेली, आता ती २०२७ ला धरली आहे. दारात माणूस येईल तेव्हा आपल्या सासूचं वय तयार असलं पाहिजे.

दुसरं, कागद शोधा. फेरफाराची नक्कल, जुनं रेशनकार्ड, पाठच्या भावाचा शाळेचा दाखला. भाऊ दोन वर्षांनी लहान असेल तर बहिणीचं वय मिळालं की नाही? तहसीलच्या जुन्या दप्तरात कोतवाल बुकं असतात, कुणबी नोंदी शोधताना त्यांची नावं सगळ्यांनी ऐकली आहेत. त्यांत गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. मात्र मनाची तयारी ठेवा. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव असतं आणि पुढे नुसतं 'मुलगी'.

तिसरं, तिची दोन्ही नावं लिहा. माहेरचं आणि सासरचं. आमच्या यादीतल्या बायकांपैकी कितीतरी जणींचं माहेरचं नाव त्यांच्या नातवंडांना माहीत नव्हतं. एक आजी तर तिचं माहेरचं नाव विचारल्यावर बराच वेळ गप्प बसली, मग लाजून हसली आणि म्हणाली, "फार दिवसांनी कोणी विचारलं."

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आपल्या राज्यात आईचंही नाव लावायचं ठरलं आहे. आधी लेकराचं, मग आईचं, मग वडिलांचं. माझ्या नातीच्या दाखल्यावर माझ्या सुनेचं नाव आहे. तो दाखला हातात आला त्या दिवशी मी वहीच्या पहिल्या पानावर आजीमायची दोन्ही नावं लिहिली आणि खाली लिहिलं, जन्म आखाजी १९१८, मृत्यू आखाजीच्या चार दिवस आधी, २०२०.

सरकारी कागदावर ती अजून ८५ वर्षांचीच आहे. तो आकडा आता बदलणार नाही. पण आमच्या घरात तिचं वय कोणी विचारलं, तर माझी सातवीतली पुतणी पटकन सांगते, "एकशे दोनला टेकलेली. मानमोडीना सालनी."

आज संध्याकाळी घरातल्या म्हातारीजवळ पाच मिनिटं बसा. वही-पेन घेऊन बसा.